ती भाकर नव्हती

१

संपादकांनी विषय दिला. शहरावर अचानक संकट कोसळतं, लोकांचा रोजचा दिवस मधोमध मोडतो, तेव्हा साहित्य काय करतं? म्हटलं, लिहितो. पण दुसऱ्याच्या कवितेवर कुऱ्हाड चालवणं सोपं असतं. म्हणून दोस्तहो, आधी माझी स्वतःची कविता काढतो. ती फसली आहे. कशी फसली ते कळलं, तर बाकीचं लिखाण तपासायला हाताशी एक माप येईल.

मे २०२० मधली कविता. प्रसंग तुम्हाला माहीत आहे. ८ मेच्या पहाटे, सव्वापाचच्या सुमाराला, बदनापूर आणि करमाड या स्टेशनांच्या मध्ये रुळावर झोपलेल्या सोळा मजुरांना मालगाडीनं चिरडलं. माणसं मध्य प्रदेशातल्या उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांतली. बरीचशी गोंड आदिवासी. जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होती. टाळेबंदीत काम गेलं. भुसावळला गावाकडची गाडी मिळेल या आशेवर वीस जण आदल्या संध्याकाळी रूळ धरून पायी निघाले. पस्तीस-चाळीस किलोमीटर चालले, थकले, तिथंच टेकले. वीसातले सोळा गेले.

मी दौलताबादचा. जालन्याहून निघालेली तीच लाईन करमाड, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) करत आमच्या स्टेशनावरून पुढे मनमाडला जाते. ती माणसं जगली असती आणि रूळ धरूनच चालत राहिली असती, तर आणखी एका दिवसानं आमच्या स्टेशनावरून गेली असती. हे डोक्यातून जाईना. त्यात तो फोटो आला. रुळावर विखुरलेलं त्यांचं जेवण. तुम्हीही पाहिला असेल.

कविता एका रात्रीत झाली. आज मोजतो तर तिच्यात 'भाकर' हा शब्द अकरा वेळा आलाय. रुळावरची भाकर, रक्तातली भाकर, आईच्या हातची भाकर, देशाच्या तोंडावर फेकलेली भाकर. मोबाईलवरून ती फिरली. ओळखीच्या नसलेल्या लोकांचे फोन आले. पुढं निर्बंध सैल झाल्यावर वस्तीतल्या विहारात मी ती उभं राहून वाचली. टाळ्या पडल्या.

घरी आलो. माय चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "तू भाकर भाकर काय लावलं रे? त्या पोळ्या व्हत्या. मी पाह्यला ना फोटू."

मी म्हटलं, "कवितेत तसं चालतं माय."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आन् ते रुळावरून काहून चालले व्हते? सडक कुठं गेली व्हती?"

माझ्या कवितेत याचं उत्तर नव्हतं. उत्तर सोडा, प्रश्नसुद्धा नव्हता. चाळीस ओळींत मी रूळ आणला, रक्त आणलं, चंद्र आणला, माता आणली. सडक कुठं गेली होती ते मला सुचलंच नाही.

फोटो पुन्हा काढून पाहिला. माय बरोबर होती. गव्हाच्या पोळ्या होत्या. जन्मभर भाकरी थापलेल्या बाईला ते लांबून दिसलं. मला दिसलं नाही, कारण मी फोटोकडे पाहतच नव्हतो. मी मराठी कवितेकडे पाहत होतो. मराठी कवितेत गरिबाच्या हातात भाकरच असते. भाकर म्हटलं की टाळी ठरलेली. उमरियाच्या गोंडानं काय खाल्लं हे मी त्याला विचारलं नाही. माझ्याकडं तयार असलेलं त्याच्या हातात कोंबलं आणि वर त्याचा कैवार घेतला म्हणून मिरवलो.

पोळीची भाकर केली, एवढंसं खोटं. पण त्या एवढ्याशा खोट्यानं सडक झाकली गेली. आता हेच माप घेऊन पुढं जाऊ.

२

आधी वर्तमानपत्राची भाषा घ्या, कारण आपण सगळे तिथूनच शब्द उचलतो. पाऊस पडला, 'जनजीवन विस्कळीत'. संप झाला, 'जनजीवन विस्कळीत'. टाळेबंदी आली, तरी तेच. जन म्हणजे कोण? विस्कळीत व्हायला आधी काहीतरी सुरळीत असावं लागतं. कुणाचं सुरळीत होतं?

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यावर पुढं किती लिहिलं गेलं! गाडी सोडून गुडघाभर पाण्यातून घर गाठल्याच्या कहाण्या, अनोळखी माणसानं दिलेला चहा, मुंबईचं स्पिरिट. खोटं नव्हतं ते. पण त्याच दिवशी साकीनाक्याला दरड कोसळून झोपड्या गाडल्या गेल्या. त्या दरडीखालची माणसं त्या स्पिरिटमध्ये बसत नाहीत. ज्याला घरी पोचायचं होतं त्याची कहाणी झाली. ज्याच्या घरावरच डोंगर आला त्याचा आकडा झाला.

२०२० च्या दिवाळी अंकांतही हेच. टाळेबंदीच्या रोजनिश्या. पक्षी ऐकू येऊ लागले, हवा स्वच्छ झाली, भांडी घासायची वेळ आली तेव्हा श्रमाचं मोल कळलं. सगळ्याच तशा होत्या असं मी म्हणत नाही. पण बऱ्याच रोजनिश्यांत एक वाक्य हमखास सापडतं, की कामवाली येत नाही. ती येत नाही म्हणून लेखकाच्या घरात काय झालं ते पानभर. ती कुठं आहे, काय खाते, तिचा पगार दिला का, हे नाही. तिची गैरहजेरी साहित्यात आली, ती आली नाही.

इथवर तुम्ही माना डोलवाल. प्रस्थापितांना चार शिव्या दिल्या की आपल्या पानांवर कुणाची तक्रार नसते. म्हणून आता आपल्याकडं वळतो.

आपण याला काय उत्तर देतो? आपण म्हणतो, तुमचा दिवस आज मोडला, आमचा हजारो वर्षं मोडलेलाच आहे. आमचं रोजचंच संकट. हे वाक्य मीही भाषणात वापरलंय. अर्धं खरं आहे. पण उरलेल्या अर्ध्यात घात आहे.

माझा थोरला भाऊ वाळूजला कंत्राटी कामावर. सकाळी कंपनीची गाडी, डब्यात दोन भाज्या, महिन्याच्या दहा तारखेला पगार. माय किल्ल्याच्या दारापुढं टोपली घेऊन बसते. दिवाळीच्या आगेमागे सीताफळं, मग पेरू, उन्हाळ्यात काकड्या-कैऱ्या. मी तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे तास झाला तर पैसे. हा आमचा दिनक्रम. तुमच्या नजरेत तो मोडकातोडका असेल. पण आज्याच्या हातात येसकराची काठी होती, बापाच्या हातात खडी फोडायचा हातोडा. त्यातून दोन पिढ्यांनी हा सकाळचा सातचा भोंगा कमावला. १७ मार्च २०२० ला पुरातत्त्व खात्यानं देशभरची स्मारकं बंद केली, किल्ल्याला कुलूप लागलं. २४ मार्चला रात्री आठला घोषणा झाली, बाराला देश बंद. तेव्हा आमच्या घरात जे मोडलं ते फार किमतीचं होतं. 'यांचं रोजचंच आहे' म्हणणारा माणूस आमचं काही मोडलंच नाही असं म्हणतो. मग तो बामण असो की आपला कवी.

जालन्याच्या त्या माणसांचाही दिनक्रम होता. पाळी होती, भट्टीची धग होती, खोली होती, घरी पाठवायचे पैसे होते. माझ्या कवितेत ती पहिल्या ओळीपासून मेलेली आहेत. मी त्यांना एक दिवससुद्धा जगू दिलं नाही. मालगाडीच्या आधी मीच त्यांना मारलं.

३

आता आमच्या गावाची गोष्ट. दौलताबादचं नाव निघालं की शाळकरी पोरही सांगतो, वेडा महंमद तुघलक, त्यानं दिल्लीची राजधानी इकडं आणली. १३२७ साल. देवगिरीचं दौलताबाद झालं. आपल्याकडं 'शहरावर अचानक आलेलं संकट' या विषयाची ही जुनी आणि सगळ्यांत गाजलेली गोष्ट. बरनीनं लिहून ठेवलं की दिल्लीत कुत्रं-मांजरसुद्धा उरलं नाही. इब्न बतूतानं सांगितलं की एका आंधळ्याला दिल्लीहून फरफटत आणलं, दौलताबादला त्याचा पायच तेवढा पोचला. इब्न बतूता दिल्लीत आला तो ही घटना होऊन गेल्यावर काही वर्षांनी. म्हणजे ऐकीव. आजचे इतिहासकार म्हणतात की मुख्यतः सरदार, उलेमा, सूफी, दरबारी मंडळी हलवली गेली, सगळी दिल्ली ओस पडली नव्हती. पण फरफटलेला पाय इतका जबर आहे की तोच उरला. चित्र बळकट असलं की घटना विचारायला कुणी जात नाही. माझ्या भाकरीचा हा जुना भाऊ.

आणि ज्यांच्या गावावर ही राजधानी येऊन बसली त्यांचं काय झालं? देवगिरीच्या पायथ्याची माणसं, पाणी वाहणारी, खडक फोडणारी, लीद उचलणारी. दिल्लीहून आलेल्यांचे हाल सांगणाऱ्या त्या गोष्टीत यांना जागा नाही.

गिरीश कार्नाडांनी १९६४ मध्ये कन्नडात 'तुघलक' लिहिलं. मराठीत ते विजय तेंडुलकरांनी आणलं. मी कॉलेजात वाचलं आणि भारावून गेलो, कारण नाटकात आमचा किल्ला होता. मोठं नाटक आहे, यात वाद नाही. नेहरूंच्या काळाचा भ्रमनिरास त्यात वाचला गेला, तेही ठीक. पण एकदा आमच्या बाजूनं वाचा. दिल्ली ते दौलताबाद एवढी मोठी वाट, तिच्यावर सामान्य माणसाची हालत दिसते ती मोजक्याच पानांत. तिथं एक बाई मरायला टेकलेलं पोर घेऊन वैद्याकडं जाण्याची परवानगी मागते. परवानगीसाठी पैसे मागणारा अधिकारी ब्राह्मणाच्या वेशात आहे. तो खरा कोण? अझीझ नावाचा धोबी. नाटकातला मोठा लबाड, पुढं खूनही करणारा, तो धोबी.

यावर मी दोन गोष्टी म्हणतो. एक, राजाला मन आहे, झोप उडते, स्वप्न आहे, पश्चात्ताप आहे. धोब्याला फक्त डोकं आहे. दुःखाची मालकी सुलतानाकडं, लबाडीची धोब्याकडं. दोन, आणि हेही सांगितलं पाहिजे, सुलतानाचा हुकूम सगळ्या नाटकात नीट वाचता येतो तो या धोब्यालाच. न्यायाची घोषणा झाली की तिचा उपयोग ब्राह्मणाच्या नावानंच करून घेता येतो, हे त्याला पहिल्या झटक्यात कळतं. कार्नाडांना हे दिसलं होतं. आपल्या समीक्षेला दिसलं नाही. ती राजाच्या एकटेपणात रमली.

त्यातूनच तो शब्द रुळला, 'तुघलकी'. २०१६ ला नोटा बंद झाल्या, तुघलकी. २०२० ला चार तासांत देश बंद, तुघलकी. अग्रलेखात छान दिसतो. आपल्या निषेधाच्या पत्रकातही आपण तो घातला. पण हा शब्द करतो काय? सगळं एका माणसाच्या लहरीवर टाकतो. राजा वेडा होता, संपलं. मग कंत्राटदार सुटला, मुकादम सुटला, पास अडवणारा सुटला, नाक्यावर काठी घेऊन उभा असलेला सुटला. वेड्याला कोण जाब विचारतो?

४

दौलताबादची राजधानी मोडून मंडळी दिल्लीला परत गेली ती १३३५ च्या आसपास. त्यानंतर दोन-चार वर्षांतच, इथून दूर दक्षिणेला, मंगळवेढ्याला एक भिंत पडली. परंपरा शके १२६० सांगते, म्हणजे इसवी सन १३३८. गावाच्या तटाचं काम चालू होतं. राबायला महार. भिंत कोसळली, माणसं गाडली गेली. त्यात चोखामेळा.

ही आपल्या माणसांच्या कामावरच्या अपघाताची सगळ्यांत जुनी लक्षात राहिलेली गोष्ट म्हणायला हरकत नाही. ती कशी लक्षात राहिली? नामदेव आले, ढिगाऱ्यातली हाडं कानाला लावून पाहिली, ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल आवाज येत होता ती चोख्याची म्हणून ओळखली आणि पंढरपूरला महाद्वारापाशी पुरली.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. आज दुसऱ्या कारणानं येतो. ज्या हाडांतून आवाज आला नाही, ती कुणाची होती? ती कुठं गेली? भिंत का पडली? काम वेठीचं होतं की मजुरीचं? पाया कुणी घातला होता? चमत्कारानं हे सगळे प्रश्न खाऊन टाकले. भिंत बांधून घेणारा त्या गोष्टीत कुठंच नाही. देव आहे, भक्त आहे, हाडं आहेत.

मी चोख्याचा अपमान करत नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'ची अर्पणपत्रिका नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या नावे केली. तेव्हा चोखा आपला आहे. म्हणूनच त्याच्या मरणाची गोष्ट देवळाच्या ताब्यात ठेवू नका. ज्या पायरीशी त्याची हाडं ठेवली, ती पायरी ओलांडून आत जायला आपल्या माणसांना १९४७ उजाडावं लागलं. त्यालाही साने गुरुजींना उपास करावा लागला. मेलेलं हाड दारात चाललं, जिवंत पाय आत चालला नाही.

तर तीन पांघरुणं झाली. राजाची लहर, देवाचा चमत्कार आणि माझी भाकर. तिन्ही दिसायला वेगळी. काम एकच, सडक झाकायची.

५

मग लिहायचं कसं? याचं उत्तर मला आमच्याच किल्ल्याच्या दारात सापडलं. माय जिथं टोपली घेऊन बसते तिथून हाकेच्या अंतरावर.

१९३४ साली बाबासाहेब आपल्या कार्यकर्त्यांबरोबर वेरूळ पाहायला निघाले होते. तीसेक जण. नाशिकहून औरंगाबादकडं, वाटेत दौलताबाद. मुलूख निजामाचा. हा प्रसंग त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिला. पुस्तिका म्हणून ते लिखाण १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं काढलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी हा अंक बाजूला ठेवून आधी ते वाचावं. मी गाभा सांगतो.

प्रवासात सगळे धुळीनं माखलेले. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्यानं काठोकाठ भरलेला हौद, भोवती फरसबंदी. काहींनी हातपाय-तोंड धुतलं. इतकं साधं, रोजचं. मग ते दाराशी जाऊन आत जायची रीत विचारतात, तोच मागून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा मुसलमान जातीची शिवी देत ओरडत येतो, यांनी पाणी बाटवलं. गर्दी जमते. शिव्या सुरू. आम्ही बाहेरचे, आम्हाला ठाऊक नव्हतं म्हटल्यावर राग वळतो तो गावातल्या आपल्या माणसांवर, तुम्ही यांना सांगितलं का नाही म्हणून. दंगल पेटायचीच बाकी होती. शेवटी बाबासाहेब त्या गर्दीला विचारतात, हेच तुमचा धर्म शिकवतो काय? हाच अस्पृश्य उद्या मुसलमान झाला, तर त्याला या पाण्यापासून अडवाल काय? गर्दी गप्प होते. मग किल्ला पाहायची परवानगी मिळते ती अशी, की आत कुठंही पाण्याला शिवायचं नाही. तेवढं पाहायला बरोबर एक हत्यारबंद शिपाई.

आता यातलं लिखाण बघा. दिवस मधोमध मोडतो तो धूळ धुताना. संकटाच्या आधीची धूळ बाबासाहेबांनी गाळली नाही. हौद कुठं होता, भोवती काय होतं, महिना कोणता (रमजान होता), माणसं किती, आधी कोण बोललं, मग कोण बोललं, नाव कागदावर लिहून आत कुणाकडं गेलं, हुकूम काय आला. आकाश नाही, चंद्र नाही, तहान नाही. तहानेवर किती लिहिता आलं असतं! त्यांनी पाण्याच्या हुकमावर लिहिलं.

दुसरं. गावातल्या आपल्या लोकांवर काय बेतलं ते त्यांनी नोंदवलं. बाहेरून आलेला पाहुणा निघून जातो, मार खातो तो तिथं राहणारा. आमच्या आजाच्या पिढीचा तो अर्धा परिच्छेद आमच्यासाठी सगळ्या इतिहासाहून मोठा आहे. दिल्लीहून राजधानी आली तेव्हाच्या आमच्या माणसांवर कुणी तेवढंही लिहिलं नाही.

तिसरं, आणि मला सगळ्यांत कठीण वाटलेलं. आपण ओळख लपवून प्रवास करत होतो, साधे प्रवासी म्हणून चाललो होतो, हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं. नेता आहे, पुढारी आहे, तरी स्वतःचं लपणं लपवलं नाही. आपल्या आत्मकथनांनी ही हिंमत पुढं चालवली. कवितेनं ती पुष्कळदा सोडली.

आणखी एक सांगून ठेवतो, कारण हल्ली या पानाचा एक उद्योग चाललाय. काही लोक फक्त दौलताबादचा हौद दाखवतात आणि मुसलमानांकडं बोट करतात. त्यांना सांगा, पान उलटा. त्याच पुस्तिकेत मसूरचं स्टेशन आहे, बडोद्याची पारशी खाणावळ आहे, चाळीसगावचे टांगेवाले आहेत. आणि पुस्तिकेच्या बाहेर १९२७ चं महाडचं तळं आहे. बाबासाहेबांचा मुद्दा असा होता की हिंदूनं ज्याला अस्पृश्य केलं त्याला इतरांनीही अस्पृश्यच वागवलं. मुद्द्यातला पहिला अर्धा कापून दुसरा दाखवणं, हेही एक पांघरूणच.

२०२० ला रेडिओवर, फोनच्या घंटीतसुद्धा एकच ऐकू यायचं, हात वारंवार धुवा. वस्तीत टँकरची वाट पाहणाऱ्या बाया ते ऐकत होत्या. याच दारात हातपाय धुतले म्हणून आपल्या माणसांवर गर्दी धावून आली होती. हे दोन प्रसंग शेजारी ठेवायची बुद्धी माझ्या कवितेला झाली नाही.

६

मायच्या प्रश्नानंतर मी कविता फाडली नाही. वहीत तशीच ठेवली आणि तिच्याखाली जे जमा करता आलं ते लिहीत गेलो.

सडक होती. सडकेवर पोलिसांचे नाके होते, पायी जाणाऱ्याला अडवत होते, म्हणून माणसं रुळावर गेली. पाससाठी अर्ज केले होते, उत्तर आलं नव्हतं, असं वाचलेल्यांनी सांगितल्याचं तेव्हा छापून आलं. प्रवासी गाड्या मार्चपासून बंद होत्या. मजुरांसाठी श्रमिक गाड्या १ मेपासून सुरू झाल्या. रुळावरून चालणं रेल्वे कायद्यानं गुन्हा, म्हणजे मेलेली माणसं कायद्यानं घुसखोर. गाडी जाणारच नाही असं समजून माणसं रुळावर झोपली, कारण देश बंद आहे असं त्यांना सांगितलं होतं. मालगाड्या चालू होत्या. दोन्ही राज्यांनी पाच-पाच लाख जाहीर केले. १५ मे ला पायी चाललेल्या मजुरांसाठीचा एक अर्ज सुप्रीम कोर्टात आला, तेव्हा रुळावरच झोपणाऱ्यांना कोण कसं अडवणार, अशा अर्थाचा प्रश्न न्यायासनाकडून आला आणि अर्ज फेटाळला गेला. सप्टेंबरात सरकारनं लोकसभेत सांगितलं की टाळेबंदीत मेलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी ठेवलेली नाही.

आणि १९७९ चा एक कायदा तेव्हा लागू होता, आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा. परराज्यातून कंत्राटदारामार्फत आणलेल्या कामगाराला विस्थापन भत्ता द्यायचा, येण्या-जाण्याचा प्रवास भत्ता द्यायचा, असं त्यात होतं. जाण्याचाही! त्या सोळांना तो लागू होता का? असेल तर कुणी दिला नाही? नसेल तर का नव्हता? अकरा भाकरींच्या कवितेला या कायद्याचं नावही माहीत नव्हतं. कवीलाही नव्हतं. तो कवी कामगार वस्तीत राहतो, भाऊ कंत्राटी कामगार आहे.

त्यांची नावं तेव्हा वर्तमानपत्रात आली होती. माझ्या वहीत आहेत. इथं छापत नाही. त्यांच्या घरच्यांनी मला कैवार घ्यायला सांगितलेलं नाही. कवितेला वजन यावं म्हणून मेलेल्यांची नावं ओळीनं लावणं, हा तर भाकरीच्याच जातीचा प्रकार.

तुम्ही म्हणाल, हे सगळं लिहिलं की ते निवेदन होतं, कविता नाही. होऊ द्या. दौलताबादचं ते पानही निवेदनच आहे. नव्वद वर्षं होऊन गेली, अजून दारात उभं राहून वाचलं की घसा कोरडा पडतो. कविता लिहू नका असं मी म्हणत नाही. मी स्वतः सोडणार नाही. पण लिहिण्याआधी त्या जागी जा. जाता येत नसेल तर फोटो तरी मायला दाखवा. काय खाल्लं, किती वाजता निघाले, कुणी अडवलं, कागद कुठल्या टेबलावर राहिला, हे विचारा. मग तुमच्यात जोर असेल तर चंद्र आणा.

परवा करमाडच्या पुढं जाऊन आलो. रूळ तसाच आहे, गाड्या जातात-येतात. थोड्या अंतरावर सडक दिसते, जालना रोड. चांगली रुंद. वाहनं भरधाव. माय बरोबर होती. ती बराच वेळ त्या सडकेकडं बघत राहिली. काही बोलली नाही.

पुढच्या अंकासाठी कविता पाठवणाऱ्या दोस्तांनी एवढं करा. कवितेबरोबर एक कागद जोडा. जागा, तारीख, वेळ, आणि वाट कुणी अडवली होती ते. संपादक छापोत न छापोत.

जय भीम.